रात्रीचा श्वास, दिवसाचं दुखणं



मी मुंबईत हिंदमाताला राहते. लग्नाचा बस्ता बांधायला तुमच्यातल्या काही जणी तिथे येऊन गेल्या असतील. नाहीतर दर पावसाळ्यात टीव्हीवर तुंबलेलं पाणी दाखवतात ना, ते आमचंच हिंदमाता. तिथे माझी जाऊबाई साड्यांना फॉल-पिको करून देते. चार वर्षं तिचं अंग ठणकत होतं. मान, खांदे, पाठ, मांड्या, काही म्हणून सुटलं नव्हतं. नातवानं गळ्यात हात टाकला तरी कळ यायची. रक्त तपासलं, फोटो काढले, सगळं चांगलं निघालं. एका डॉक्टरांनी तर सांगितलं, "मनाचे खेळ आहेत, कामात मन रमवा." सकाळी सहापासून मशीनवर बसणाऱ्या बाईला हे सांगितलं!

पुढे परळच्या एका मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "झोप लागते का?" ही म्हणाली, "पडल्या पडल्या लागते." "आणि उठल्यावर कसं वाटतं?" "झोपताना असते त्याहून जास्त दमलेली असते." तिथून धागा सापडला.

या दुखण्याला फायब्रोमायल्जिया म्हणतात. यात सांधे झिजत नाहीत, म्हणून फोटोत काही दिसत नाही. रेडिओचं आवाजाचं बटण वर जाऊन अडकावं तसं मेंदूत दुखण्याचं बटण अडकतं. दुखणं खोटं नसतं. पूर्वी, 1990च्या नियमाप्रमाणे, डॉक्टर अंगावरच्या 18 जागा दाबून बघत आणि 11 दुखल्या तर हे नाव देत. 2010पासून थकवा, विसरभोळेपणा आणि न भरून येणारी झोप यांचीही विचारणा होते.

झोपेचा संबंध तसा जुनाच. 1975मध्ये कॅनडात टोरांटोच्या डॉ. मोल्डोफ्स्की आणि सहकाऱ्यांनी धडधाकट माणसांची गाढ झोप आवाज करून रात्रीमागून रात्री मोडली. सकाळी त्यांचे स्नायू दुखू लागले. तान्हं मूल वाढवलेल्या बाईला हे सांगायला प्रयोग लागत नाही म्हणा.

पण जाऊबाईच्या घरात रात्री आवाज करणारं कोणी नव्हतं. तिची झोप तिचाच श्वास मोडत होता. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि वाट अरुंद होते. काहींचा श्वास दहा सेकंद किंवा जास्तही थांबतो. मेंदू दचकून जागा करतो, पुन्हा झोप लागते, सकाळी काहीच आठवत नाही. बायकांमध्ये पुष्कळदा मोठं घोरणं नसतंच, नुसती वाट आवळते. 2004मध्ये अमेरिकेत फायब्रोमायल्जियाच्या 28 बायकांची रात्रीची तपासणी झाली, त्यात 27 जणींच्या श्वासात असा अडथळा सापडला. त्यातल्या निम्म्या जणींना तीन आठवडे हवेचा दाब देणारा मुखवटा लावला, तेव्हा त्रास कमी झाला. पाहणी लहान आहे. प्रत्येकीचं दुखणं श्वासामुळेच, असं त्यावरून म्हणता येत नाही. दुखण्यानंही झोप मोडतेच की.

त्याच वर्षी आपल्या मुंबईत हिंदुजा रुग्णालयाच्या डॉ. झरीर उदवाडिया यांची पाहणी छापून आली. 35 ते 65 वयाच्या शंभरात सात-आठ जणांना झोपेत श्वास थांबण्याचा आजार निघाला. पण ते सगळे पुरुष होते. बायका त्या पाहणीत नव्हत्याच.

तर अंग दुखतं, सकाळी तोंड कोरडं पडतं, डोकं जड होतं, दिवसा पेंग येते, असं असेल तर लेकीला किंवा जावेला एक रात्र लक्ष ठेवायला सांगा. श्वास थांबून मग धाप लागल्यासारखा येतो का, ते तिला बघू द्या आणि ते डॉक्टरांना शब्दशः सांगा. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन आधी तपासून घ्या, त्यांनीही अंग दुखतं. कुशीवर झोपा. मनानं झोपेची गोळी घेऊ नका, काही गोळ्या घसा आणखी सैल करतात. आणि दुकानातून आणून रोज दुखण्याची गोळी खाणं पोटाला आणि मूत्रपिंडाला महागात पडतं.

जाऊबाईनं तो मुखवटा पहिले चार दिवस काढून फेकला. भावोजी हसायचे, "विमान चालवायला निघाली!" आता लावते. दुखणं सगळं गेलेलं नाही, थंडीत खांदे अजून धरतात. नातू मात्र गळ्यात पडला तर ती त्याला ढकलत नाही.