खार, कबुतरं आणि आमचे अब्बा
(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मघाशी चहाच्या वेळी तुमच्यातल्याच एकाने मला विचारलं, "मॅडम, शिक्षण, रोजगार, कायदा एवढे विषय असताना तुम्ही खारीवर काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून मला हा विषय दिला असावा असं तुम्हांला वाटेल. खरं कारण घरचं आहे. आमचे अब्बा आज जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबतात. त्याचा संबंध आम्ही वीस वर्षं मोठ्या प्रेमाने केलेल्या एका कामाशी आहे. पण तिथे पोचण्याआधी मला तुम्हांला थोडं इंग्लंडला न्यायचंय.

माझी खाला लिव्हरपूलजवळ राहते. काही वर्षांपूर्वी मी तिच्याकडे गेले होते. मागच्या अंगणात रोज सकाळी एक करड्या रंगाची, झुपकेदार शेपटीची खार यायची. खाला तिला शेंगदाणे घालायची. मी तर हरखूनच गेले. आमच्या कोकणात खारीला चानी म्हणतात. ती बोटभर पट्ट्यांची, चिमुकली. ही चांगली मांजराच्या पिल्लाएवढी. एक दिवस शेजारचे म्हातारे गृहस्थ आले आणि अदबीने म्हणाले की कृपा करून हिला खायला घालू नका, आम्ही हिला पकडतोय. पकडून काय करणार, असं खालाने विचारलं. ते म्हणाले, मारणार. खाला दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. "त्या बिचारीचा काय गुन्हा?" एवढंच ती म्हणत राहिली.

मलाही राग आला होता. मग त्या गृहस्थांनी आम्हांला फॉर्म्बीच्या पाइनच्या जंगलात नेलं. तिथे मी पहिल्यांदा लाल खार पाहिली. विटकरी रंग, कानांवर केसांचे झुबके. ब्रिटनची मूळची खार ही. करडी खार उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातली. 1876 साली एका श्रीमंत गृहस्थाने चेशायरमधल्या हेन्बरी पार्कमध्ये ती सोडल्याची पहिली नोंद आहे. कशासाठी? बागेत छान दिसते म्हणून. पुढे 1890 च्या सुमारास बेडफर्डच्या ड्यूकने वोबर्नच्या इस्टेटीवर अशा खारी आणल्या आणि तिथून मित्रमंडळींना भेट म्हणून वाटल्या. आयर्लंडमध्ये तर ती 1911 मध्ये लग्नाच्या आहेरातून पोचली! यातल्या एकाच्याही मनात वाईट काही नव्हतं.

पुढे काय झालं ते ऐका. करडी खार अंगाने मोठी. ओकची फळं तिला लाल खारीपेक्षा चांगली पचतात, म्हणून खाण्याच्या शर्यतीत ती पुढे राहते. दुसरं म्हणजे तिच्या अंगात एक विषाणू असतो, खारींची देवी म्हणा. तिला स्वतःला त्याने सहसा काही होत नाही, लाल खार मात्र एक-दोन आठवड्यांत मरते. फॉर्म्बीत 2008 मध्ये ही साथ आली आणि तिथल्या दर पाच लाल खारींपैकी चारांहून जास्त गेल्या. शिवाय करडी खार कोवळ्या झाडांची साल सोलते, त्यामुळे लावलेली जंगलं वाया जातात. आज ब्रिटनमध्ये करड्या खारी अंदाजे 27 लाख आहेत आणि लाल खारी तीन लाखांहून कमी, त्याही बहुतेक स्कॉटलंडमध्ये.

सरकारने काय केलं? 1937 मध्ये करडी खार आणण्यावर आणि पाळण्यावर बंदी घातली, तोवर साठ वर्षं गेली होती. 1953 पासून प्रत्येक शेपटीमागे एक शिलिंग बक्षीस ठेवलं. लोकांनी शेपट्या आणल्या, पैसे नेले, पण खारी काही कमी झाल्या नाहीत. जिथे मारायला सोपं तिथे मारल्या, बाजूच्या जंगलातून नव्या आल्या. 1958 मध्ये योजना बंद केली.

याउलट वेल्सच्या अँगलसी बेटावर 1998 मध्ये लाल खारी उरल्या होत्या जेमतेम चाळीस. तिथे गावकऱ्यांनी आणि जाणकारांनी मिळून, एकेक जंगल धरून, करड्या खारी पकडून काढल्या. 2015 मध्ये बेट करड्या खारींपासून मुक्त जाहीर झालं आणि लाल खारी शेकड्यांनी वाढल्या. स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये आणखी एक गोष्ट दिसली. पाइन मार्टेन नावाचा मुंगसासारखा लांबट प्राणी शिकारीमुळे संपत आला होता. त्याला संरक्षण मिळाल्यावर तो परतला, आणि तो जिथे परतला तिथे करड्या खारी घटल्या आणि लाल वाढल्या. आता न मारता काम व्हावं म्हणून करड्या खारींना खाण्यातून गर्भनिरोधक देण्याचेही प्रयोग चाललेत.

इटलीची कथा जास्त चटका लावणारी आहे. तुरिनजवळ 1948 मध्ये करड्या खारींच्या दोन जोड्या सोडल्या होत्या. 1997 मध्ये शास्त्रज्ञांनी त्या हटवायला सुरुवात केली, तेव्हा काम आटोक्यातलं होतं. प्राणिप्रेमी संघटना कोर्टात गेल्या. काम थांबलं. शास्त्रज्ञांवर खटला चालला. अपिलात ते निर्दोष सुटले, तोवर 2000 साल उजाडलं होतं आणि खारी आवाक्याबाहेर पसरल्या होत्या. कोर्टात गेलेली माणसं दुष्ट नव्हती. माझ्या खालासारखीच होती. पण त्यांच्या दयेपायी पुढे कितीतरी जास्त खारी मारायची वेळ आली.

तुम्हांला वाटेल, हे गोऱ्यांचे उद्योग. तर आपल्याकडची पाच पट्ट्यांची खार 1898 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या प्राणिसंग्रहालयातून बाहेर पडली आणि आजही त्या शहरात आहे. आपला कावळा 1890 च्या दशकात कचरा साफ करायला म्हणून झांझिबारला नेला. आज पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तो तिथल्या पक्ष्यांची अंडी-पिल्लं खातो. 2024 मध्ये केनियाच्या सरकारने दहा लाख कावळे मारायचं जाहीर केलं.

इथे मला जरा थांबायचंय. 'बाहेरून आलेले', 'घुसखोर', 'यांची संख्या वाढतेय', हे शब्द ऐकताना तुमच्यापैकी काहींची चुळबुळ झाली असेल. व्हायलाच हवी. हे शब्द माणसांसाठी वापरलेले आपण रोज ऐकतो. म्हणून विज्ञानाची शिक्षिका या नात्याने स्पष्ट सांगते. जीवशास्त्र 'आक्रमक परकी प्रजाती' म्हणतं ते परकेपणामुळे नाही, नुकसानीमुळे. मिरची, बटाटा, पपई, शेंगदाणा हे सगळं अमेरिकेतून आलं. गुलमोहर मादागास्करचा. यांना कोणी हटवा म्हणत नाही. आणि जगातली सगळी माणसं एकच प्रजाती आहेत. खारीचं उदाहरण कोणी माणसांना लावायला लागला, तर त्याला जीवशास्त्र कळलेलं नाही असं खुशाल सांगा.

आता घरी येते. अब्बा नोकरीतून निवृत्त झाले, त्याच्या कितीतरी आधीपासून रोज फजरनंतर गच्चीवर जाऊन कबुतरांना ज्वारी टाकायचे. रोज एक किलो. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याची गोष्ट ऐकतच आपण लहानाचे मोठे होतो. मुक्या जिवाला खाऊ घालणं म्हणजे सवाबच, यात आमच्या घरी कोणाला शंका नव्हती. चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या नातीला सतत खोकला असायचा. त्या तीन वर्षं सांगत होत्या की भाईसाहेब, हे बंद करा, खिडकी उघडता येत नाही. आम्ही काय केलं? त्यांना कंजूस म्हटलं. मीही म्हटलं. खारींची सगळी कहाणी पाठ असलेली मी!

मग अब्बांनाच खोकला सुरू झाला. कोरडा, महिनोन्‌महिने. धाप लागायची. डॉक्टरांनी सीटी स्कॅन पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "घराजवळ कबुतरं आहेत का?" हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. कबुतरांच्या विष्ठेची आणि पिसांची बारीक धूळ वर्षानुवर्षं श्वासातून आत जाते, फुप्फुसाला सूज येते, आणि वेळीच थांबलं नाही तर फुप्फुसावर कायमचे व्रण उठतात. अब्बांचे उठलेत. ते भरून येणार नाहीत.

2025 च्या पावसाळ्यात मुंबईच्या कबुतरखान्यांवरून केवढा गदारोळ झाला, तुम्ही पाहिलात. दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला, लोकांनी ती फाडली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. ज्यांनी ताडपत्री फाडली त्यांचा धर्म वेगळा असेल, पण त्यांच्यात मला आमचे अब्बाच दिसत होते. कबुतर, म्हणजे पारवा, काही परदेशी पक्षी नाही. तो मूळचा कडेकपारींचा. आपण त्याला इमारतींच्या कपारी दिल्या आणि बारा महिने फुकटचं धान्य. मग तो जोडीमागून जोडी वाढणारच. दोष त्याचा नाही. पण खाणं घालणारा आणि धूळ श्वासात घेणारा शेजारी, या दोघांत निवड करायची वेळ आली तर शेजाऱ्याचा हक्क मोठा, हे आम्हांला कोणी वेगळं शिकवायला नको होतं.

मग काय करायचं? आमच्या इमारतीत आम्ही केलं ते सांगते. आधी मी आणि अब्बा चौथ्या मजल्यावर जाऊन काकूंची माफी मागून आलो. अवघड गेलं. मग सोसायटीच्या बैठकीत धान्य बंद करायचं ठरलं. एका दिवसात नाही, थोडं थोडं कमी करत. डक्ट आणि एसीमागच्या जागा जाळीने बंद केल्या, पण आधी आत अंडी-पिल्लं नाहीत ना, ते पाहून. वाळलेली विष्ठा झाडायची नाही, आधी पाणी मारायचं आणि तोंडाला मास्क लावायचा. काही कबुतरं शेजारच्या इमारतीत गेली, कारण तिथे अजून दाणे पडतात. तिथल्या लोकांशी बोलणं चालू आहे. हे काम एका गच्चीपुरतं होत नाही, शेपटीमागे शिलिंग देणाऱ्यांना कळलं नाही ते हेच.

दुसरी गोष्ट, प्राणी उचलून दुसरीकडे सोडणं म्हणजे सुटका, असं समजू नका. 2001 च्या सुमारास जुन्नर भागात उसात राहणारे बिबटे पकडून दुसऱ्या जंगलांत सोडले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तर माणसांवरचे हल्ले कमी होण्याऐवजी वाढलेले दिसले. तेव्हा इमारतीत साप, माकड, घुबड काही आलं तर स्वतः शौर्य गाजवू नका. वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा.

तिसरी गोष्ट खास तुमच्या वयाची. बाजारातून हौसेने आणलेलं लाल कानाचं कासव मोठं झालं, घाण करायला लागलं, की लोक तलावात सोडून येतात आणि पुण्य केलं समजतात. ते कासव अमेरिकेचं आहे. तुम्ही त्या क्षणी हेन्बरी पार्कचे ते गृहस्थ होता. पाळता येणार नसेल तर आणू नका, आणलं असेल तर सोडू नका.

चौथी, कचरा. ओला कचरा उघडा पडला की उंदीर, कावळे, कुत्री वाढतात आणि जंगलाच्या कडेला कुत्र्यांमागे बिबट्या येतो. डब्याला झाकण ठेवणं हेही वन्यजीवांचंच काम आहे.

आणि शेवटची, नावं शिका. मुंबईच्या एका बोहरा घरातल्या मुलाने छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती, असं त्याने मामाला विचारलं. मामाने त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत धाडलं. तो मुलगा म्हणजे सालिम अली. मामाने 'चिमणीच आहे, दुसरं काय' म्हटलं असतं, तर? आपल्या मोहल्ल्यात साळुंकी आहे, दयाळ आहे, शिंपी आहे, चानी आहे. यांना दाणे नकोत, झाड हवं. जांभूळ, वड, करंज, जागा असेल ते लावा.

अब्बांना अजून पहाटे जाग येते. सवयीने पाय गच्चीकडे वळतात, मग ते खिडकीशी बसतात. परवा म्हणाले, "वीस वर्षं फक्त कबुतरंच दिसली. समोरच्या बदामावर चानी राहते, हे आत्ता कळलं." तिला त्यांनी अजून काही खायला घातलेलं नाही. मोह होतो म्हणतात.

एवढंच. आता तुमचे प्रश्न घेते. ज्यांच्या घरी कबुतरांना दाणे टाकतात, त्यांनी आधी विचारा.