पदवीविना तंत्रज्ञान : शिरूर-दौंडची वाट

पदवी नसताना तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात शिरता येते का, याचे उत्तर काम कोणते आणि ते कुठे आहे यावर ठरते. भीमेच्या दोन काठांवरच्या शिरूर आणि दौंड तालुक्यांत हा प्रश्न निघाला की बोलणे लगेच हिंजवडी-खराडीच्या काचेच्या इमारतींकडे वळते. घराजवळचे तंत्रज्ञान त्या बोलण्यात येतच नाही. शिरूर तालुक्यात पुणे-नगर रस्त्याला कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर करत रांजणगावपर्यंत कारखाने पसरले आहेत. अष्टविनायकातल्या महागणपतीच्या या गावी फियाटचा मोटारींचा कारखाना आहे. एलजी आणि व्हर्लपूल घरगुती उपकरणे बनवतात. २०२२ मध्ये केंद्र सरकारने रांजणगावला इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन समूहही मंजूर केला. दौंडचे रूप निराळे आहे. १८७८ मध्ये मनमाडचा लोहमार्ग इथून निघाला आणि गाव जंक्शन झाले. जवळच कुरकुंभला रासायनिक कारखान्यांची एमआयडीसी आहे, शिवाय परिसरात साखर कारखाने आहेत.

या सगळ्या ठिकाणी संगणक आहेत, फक्त ते टेबलावर नसून लोखंडी पॅनलच्या आत असतात. कारखान्यातली असेंब्ली लाइन पीएलसी नावाच्या नियंत्रकावर चालते. या यंत्राचा इतिहास पदवीच्या प्रश्नाशी थेट जोडलेला आहे. १९६८ च्या सुमारास अमेरिकेत जनरल मोटर्सला रिलेंनी भरलेली अवाढव्य पॅनले काढून टाकायची होती. मोटारीचे मॉडेल बदलले की ती सगळी वायरिंग नव्याने करावी लागे. त्यावर डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो नियंत्रक तयार केला, त्याची आज्ञा लिहिण्याची पद्धत मुद्दाम रिलेच्या वायरिंग आकृतीसारखी ठेवली. दोन उभ्या रेषा आणि त्यांच्यामध्ये शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या ओळी, म्हणून तिला लॅडर लॉजिक म्हणतात. कारखान्यातल्या वीजतंत्र्याला नवी संगणकभाषा न शिकता ती वाचता यावी, हा त्यामागचा हेतू होता. म्हणजे आज औद्योगिक ऑटोमेशनचे जे क्षेत्र पदवीधरांचे मानले जाते, त्याची पायाभूत भाषाच मुळात पदवी नसलेल्या माणसासाठी घडवली गेली. आयटीआयमधून वीजतंत्री झालेल्या मुलाला लॅडर लॉजिक लवकर उमगते, यात म्हणून नवल नाही.

संगणकाच्या आज्ञांवर धातू कापणाऱ्या सीएनसी मशीनचेही तसेच आहे. सुटे भाग बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये पोरगा हेल्पर म्हणून लागतो, मग ऑपरेटर होतो. ऑपरेटर जॉब बसवतो, बटण दाबतो, माप घेतो. त्यापुढचा सेटर टूल बदलतो, ऑफसेट देतो, पहिला जॉब मापात आणतो. आणि प्रोग्रॅमर ड्रॉइंग बघून मशीनला समजेल असा प्रोग्रॅम लिहितो. त्यात लांबलचक गूढ भाषा नसते. जी०० म्हणजे टूल वेगाने हलवणे, जी०१ म्हणजे ठरावीक गतीने सरळ रेषेत कापणे, एम०३ म्हणजे स्पिंडल सुरू करणे, अशा मोजक्या आज्ञांवर बरेच काम निघते. अडते ते भूमितीत आणि त्रिकोणमितीत. दहावीत ज्याने हे विषय पाठ करून ढकलले, तो वर्षानुवर्षे ऑपरेटरच राहतो. ऑपरेटर ते प्रोग्रॅमर ही मजल शॉपफ्लोअरवरच मारता येते, पण ती आपोआप मारली जात नाही. शिफ्ट संपल्यावर सेटरच्या मागे उभे राहून बघणारा पुढे जातो.

कुरकुंभसारख्या ठिकाणी इन्स्ट्रुमेंटेशनचे काम मोठे. टाकीतला दाब, तापमान, पातळी मोजून ती नियंत्रण कक्षापर्यंत पोहोचवणारा संकेत साधारणपणे ४ ते २० मिलिअँपिअर प्रवाहाचा असतो. शून्यापासून न धरता तो ४ पासून धरतात, कारण वायर तुटली तर प्रवाह शून्य होतो, आणि खालचे माप व बिघाड यांत गल्लत होत नाही. रसायनाच्या कारखान्यात ही गल्लत जिवावर बेतू शकते. असे कारण समजून काम करणारा तंत्रज्ञ आणि नुसते मीटर लावणारा माणूस यांच्यातला फरक मुलाखतीत दोन प्रश्नांत कळतो; त्यासाठी प्रमाणपत्र बघावे लागत नाही.

या कामांत शिरण्याचा सर्वांत जुना आणि अजूनही सर्वांत भरवशाचा रस्ता आयटीआयचा आहे. वीजतंत्री, जोडारी, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, रासायनिक प्रकल्पासाठीचा अटेंडंट ऑपरेटर हे दोन वर्षांचे व्यवसाय. कोपा म्हणून ओळखला जाणारा संगणक चालक व प्रोग्रॅमिंग सहायकाचा अभ्यासक्रम एका वर्षाचा. कोपात वेबपृष्ठे, जावास्क्रिप्ट, डेटाबेस यांची तोंडओळख होते. एका वर्षात कोणी प्रोग्रॅमर होत नाही. मात्र ज्याच्या घरी संगणक नाही, त्याला वर्षभर संगणकापुढे बसण्याची हक्काची जागा मिळते, आणि गावाकडे ही गोष्ट लहान नाही. एमएस-सीआयटीची गोष्ट वेगळी. एमकेसीएलने या शतकाच्या सुरुवातीला सुरू केलेला हा अभ्यासक्रम सरकारी नोकरीच्या अर्जाला लागतो. तो संगणक-साक्षरतेचा आहे, व्यवसायाचा नाही. तरीही अनेक घरांत ‘पोराचे कॉम्प्युटर झाले’ म्हणजे एमएस-सीआयटी झाले, एवढाच अर्थ असतो.

आयटीआयनंतरची पायरी शिकाऊ उमेदवारीची, म्हणजे अप्रेंटिसशिपची. १९६१ च्या कायद्याने ती चालते. ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. २०१९ च्या नियमबदलानंतर किमान विद्यावेतन शिक्षणानुसार दरमहा ५,००० ते ९,००० रुपये ठरले. शेवटी परीक्षा होऊन राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. रेल्वेतही हाच कायदा लागू आहे: शिकाऊ उमेदवारांची निवड दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर होते, आणि उमेदवारी पूर्ण केलेल्यांना रेल्वेच्या सर्वांत खालच्या स्तराच्या भरतीत २० टक्के जागा राखीव असतात. सहायक लोको पायलट आणि तंत्रज्ञ श्रेणी ३ या पदांनाही आयटीआय चालते. जंक्शनच्या गावात वाढलेल्या मुलाला हे बहुधा घरातूनच ठाऊक असते. शिरूरच्या मुलाला सांगावे लागते.

इथे एक खाचखळगा आहे आणि तो नीट बघितला पाहिजे. कंपनीच्या गेटमधून आत जाणारा प्रत्येक तरुण एकाच नात्याने आत जात नाही. कोणी कायद्याखालचा शिकाऊ उमेदवार असतो, कोणी ठेकेदाराचा कामगार, कोणी नुसता ‘ट्रेनी’. गणवेश सारखा, लाइन एकच, हक्क मात्र निरनिराळे. कायद्याने शिकाऊ उमेदवार हा कामगार नसतो आणि उमेदवारी संपल्यावर त्याला नोकरी देण्याची सक्ती मालकावर नाही. पण त्याचा करार नोंदलेला असतो, शिकवायचे काय हे ठरलेले असते, परीक्षा असते. ठेकेदाराकडे लागलेल्याला कामगार म्हणून भविष्य निर्वाह निधीसारखे हक्क असतात, मात्र शिक्षणाचे प्रमाणपत्र मिळत नाही. ट्रेनीच्या हाती कधी कधी दोन्ही नसते. २०१३ मध्ये आलेल्या ‘नीम’ योजनेखाली प्रशिक्षणार्थींच्या नावाने उत्पादनाचे काम करून घेतल्याच्या तक्रारी औद्योगिक पट्ट्यांत होत राहिल्या, आणि पुढे ती योजना गुंडाळली गेली. दोन वर्षे एकाच ठिकाणी स्क्रू आवळण्याला अनुभव म्हणत नाहीत. म्हणून रुजू होताना पगाराच्या आधी विचारायची गोष्ट ही, की शिकाऊ उमेदवारीचा करार राष्ट्रीय पोर्टलवर नोंदलेला आहे का.

पदवीला सुरुवातीला किती किंमत दिली जाते, याचा एक सरकारी आकडाही उपलब्ध आहे. २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तेव्हा बारावी झालेल्याला दरमहा ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये ठरवले. सुरुवातीचा फरक तेवढाच. तो पुढे वाढत जातो हे खरे, पण वाढतो कशामुळे, तर बढतीच्या नियमांमुळे. हाताच्या कामामुळे नव्हे.

शिक्षण आणि हाताचे काम यांची फारकतच मोडायची, असा प्रयोग याच शिरूर तालुक्यात झाला. पाबळला १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात डॉक्टरेट केलेले, हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रात वरच्या पदावर काम केलेले हे शास्त्रज्ञ शहर सोडून पर्जन्यछायेतल्या गावी आले. पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचे केंद्र म्हणून आश्रम उभा राहिला. कलबागांचे म्हणणे असे, की माणसाची बुद्धी हाताने काम करताना सर्वांत सहज वाढते. शाळेत नापास झालेला मुलगा बुद्धीने कमी नसतो, त्याला शिकवण्याची रीत चुकलेली असते. तिथला मूलभूत ग्रामीण तंत्रज्ञानाचा पदविका अभ्यासक्रम एका वर्षाचा, निवासी, आणि आठवी झालेल्यालाही खुला ठेवला गेला. त्याला राष्ट्रीय मुक्त विद्यालयीन शिक्षण संस्थेची मान्यता मिळाली. विद्यार्थी वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य असे सगळेच विषय शिकतो. एकाच विषयात पारंगत माणसाला गावात वर्षभर पुरेल एवढे काम नसते, हा त्यामागचा रोकडा हिशेब.

शिकण्यासाठी खरे गिऱ्हाईक हवे, हा पाबळचा आग्रह विशेष आहे. विद्यार्थ्यांनी विहीर-बोअरसाठी जमिनीच्या विद्युत रोधाची मोजणी करून दिली, घुमटाकार घरे बांधली, जुन्या जीपच्या भागांतून छोटा ट्रॅक्टर उभा केला. १९९३ च्या लातूर-किल्लारी भूकंपानंतर पाबळच्या घुमटांकडे अनेकांचे लक्ष गेले. गिऱ्हाइकाचे पैसे घेतले की मापात चूक चालत नाही. परीक्षेत पस्तीस गुणांवर पास होता येते, छताच्या बाबतीत येत नाही. पुढे २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने इथे फॅब लॅब आली. एमआयटीबाहेर उभ्या राहिलेल्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ही एक. संगणकावर आकृती काढायची आणि यंत्राने ती कापून घ्यायची, सर्किट स्वतः बनवायचे, ही सोय मोठ्या शहरांतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत दुर्मिळ होती तेव्हा ती पाबळला होती. कलबाग २००३ मध्ये वारले. आश्रमाचे काम चालू राहिले. शाळांसाठीचा मूलभूत तंत्रज्ञानाचा विषयही पाबळमधूनच बाहेर पडला.

दौंड तालुक्याकडे याहून जुना दाखला आहे. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात छापखाना होता आणि तिथे अक्षरजुळणीपासून छपाई-बांधणीपर्यंतची कामे स्त्रिया करत. दुष्काळातून, वैधव्यातून आलेल्या या स्त्रिया शाळा-कॉलेजातून आलेल्या नव्हत्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये याच छापखान्यातून बाहेर पडले. त्या काळी छपाई हेच माहितीचे तंत्रज्ञान होते.

सॉफ्टवेअरची वाट पदवीविना जास्त अवघड आहे, आणि याचे कारण कौशल्याइतकेच छाननीच्या पद्धतीत आहे. मोठ्या कंपन्या भरतीसाठी महाविद्यालयांत जातात. पदवी नसलेल्याचा अर्ज पहिल्या चाळणीतच गळतो. तरी फटी आहेत. एचसीएल बारावीला गणित घेतलेल्या मुलांना प्रशिक्षण देऊन कामावर घेते आणि नोकरी करता करता पदवीची सोय करते. चेन्नईच्या झोहो कंपनीने शाळेतून थेट मुले घेऊन स्वतःच शिकवण्याची पद्धत बसवली. ‘नीलिट’ या सरकारी संस्थेची ओ लेव्हल ही संगणकाची परीक्षा महाविद्यालयात न जाताही देता येते. इंग्रजीचे ओझे वाटणाऱ्यांसाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स, पायथन यांसारख्या विषयांचे छोटे धडे मराठी आवाजात फुकट मिळतात. हे धडे हवे तेवढे वापरले जात नाहीत. त्याऐवजी नोकरीची हमी देणाऱ्या खासगी क्लासला लाखभर रुपये भरले जातात. लेखी हमीत पगार, कंपनी आणि पैसे परत करण्याची अट नसेल, तर ती हमी जाहिरातीपुरतीच धरावी.

पदवी नसलेल्याने छाननी करणाऱ्यापुढे ठेवायचे ते चालणारे काम. दुकानाची वेबसाइट, दूध संकलन केंद्राच्या हिशेबाचा छोटा प्रोग्रॅम, मोटारपंप मोबाइलवरून चालू-बंद करणारे सर्किट, काहीही चालेल; पण ते कोणीतरी खरोखर वापरत असले पाहिजे. गिटहबवर दुसऱ्याचा कोड उतरवून ठेवणारे पुष्कळ असतात. वापरणारा माणूस असला की तक्रारी येतात, दुरुस्त्या कराव्या लागतात, आणि मुलाखतीत बोलायला त्या दुरुस्त्याच उपयोगी पडतात.

काही दारे मात्र पदवीशिवाय उघडत नाहीत. राज्याच्या अभियांत्रिकी सेवेच्या राजपत्रित पदांना पदवी लागते. कनिष्ठ अभियंत्याच्या पदाला पदविका पुरते, आणि महावितरणच्या विद्युत सहायकाला आयटीआय. परदेशात जायचे तर अमेरिकेच्या एच-१बी व्हिसासाठी पदवी किंवा तिच्या बरोबरीची पात्रता लागते. तिथे महाविद्यालयाच्या एका वर्षाऐवजी कामाची तीन वर्षे धरतात, म्हणजे चार वर्षांच्या पदवीच्या जागी बारा वर्षांचा अनुभव. कारखान्यातही सुपरवायझरच्या वर गेले की कागद विचारला जातो.

म्हणून पदवी टाळण्यापेक्षा ती पुढे ढकलण्याचा हिशेब अनेकांना परवडतो. दोन वर्षांचे आयटीआय केलेल्याला तंत्रनिकेतनात पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, आणि पदविकाधारकाला अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. ज्यांना नोकरी सोडता येत नाही त्यांच्यासाठी १९८९ मध्ये स्थापन झालेले नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू आहेत. शिफ्टमध्ये काम करून परीक्षा देणे जिकिरीचे असते. रात्रपाळी करून रविवारी अभ्यास केंद्रावर बसायचे म्हणजे झोपेशी झगडा. फायदा एवढाच, की अशा माणसाला कोणता विषय शिकायचा हे नेमके ठाऊक असते. पॅनलसमोर पाच वर्षे काढलेला वीजतंत्री नियंत्रण प्रणालीचा पेपर सोडवतो तेव्हा त्यातल्या आकृत्या त्याने आधी हाताळलेल्या असतात, आणि शुल्क तो स्वतःच्या पगारातून भरत असतो.