झिजलेली जोडकडी

पहिलवानाचे बळ दंडात असते. पण ते बाहेर पडते मनगटातून. मनगट दुखावले की भरदार दंडाचा माणूसही पाण्याची घागर उचलताना कळवळतो. यंत्रांच्या सृष्टीतही अशी मनगटे आहेत, आणि त्यांच्याकडे कोणी सहसा पाहत नाही. पट्ट्यांवर चालणाऱ्या छोट्या लोडरचे मनगट म्हणजे त्याच्या बाहूच्या टोकाशी बसविलेली, मुठीत मावेल एवढी पोलादी जोडकडी. कारागीर तिला ‘कपलर’ म्हणतात. ती झिजली म्हणजे काय होते, आणि ती बदलताना माणसाने कोणते भान राखावयाचे असते, हा या भाषणाचा विषय आहे.

प्रथम त्या यंत्राचा थोडा परिचय आवश्यक आहे. अमेरिकेतील मिनेसोटा प्रांतात रॉथसे नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे लुई आणि सिरिल केलर या दोघा भावांचे दुरुस्तीचे दुकान होते. टर्की पक्षी पाळणाऱ्या एका शेतकऱ्याला आपल्या खुराड्यातील घाण काढण्यासाठी हलके आणि जागच्या जागी वळणारे यंत्र हवे होते; ते या बंधूंनी 1957 साली तीन चाकांवर उभे केले. पुढच्याच वर्षी शेजारच्या नॉर्थ डकोटातील मेलरो कंपनीने त्याचे हक्क घेतले, 1960 साली त्यास चौथे चाक लाभले, आणि 1962 पासून ते ‘बॉबकॅट’ या नावाने ओळखले जाऊ लागले. चिखलात चाके रुततात म्हणून पुढे रबरी पट्ट्यांचे लोडर निघाले. जपानच्या ताकेउची कंपनीने असा छोटा लोडर 1986 साली बाजारात आणला. पक्ष्यांची विष्ठा उपसण्यासाठी जन्मास आलेले हे यंत्र आज बर्फ लोटते, झुडपे कापते, खड्डे पाडते, काँक्रीट फोडते. एकाच यंत्राने ही सारी कामे करावीत याचे रहस्य त्या जोडकडीतच आहे.

बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्वत्र सारखाच पोहोचतो, हे तत्त्व पास्कल या फ्रेंच पंडिताच्या 1663 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडलेले आहे. आणि इंग्रज कारागीर जोसेफ ब्रामा याने 1795 साली त्यावर आपला दाबयंत्राचा हक्क नोंदविला. लोडरमध्ये पाण्याच्या जागी तेल असते. इंजिनाच्या जोरावर पंप ते तेल 200 बारांहून अधिक दाबाने ढकलतो, आणि ते रबरी होजमधून पुढच्या अवजाराच्या मोटरीस फिरविते. अवजार बदलावयाचे तर होज सोडावा लागणार. आणि दर वेळी पान्याने नट फिरवीत बसले तर तेलही सांडेल व दिवसही सरेल. म्हणून होजच्या तोंडाशी नर आणि मादी अशी जोडी बसविलेली असते. दोन्हींच्या आत स्प्रिंगने दाबून धरलेली झडप असते. दोघे एकमेकांत शिरले की झडपा एकमेकींस मागे रेटतात व वाट मोकळी होते. वेगळे झाले की दोन्ही तोंडे आपोआप मिटतात. मादीच्या कड्यात लहान पोलादी छर्रे असतात. ते नराच्या अंगावरील खाचेत बसतात आणि जोड सुटू देत नाहीत.

पूर्वीच्या कपलरांत झडपेचे टोक खोलगट जागी असे. तेथे माती साचे, आणि सोडताना दर वेळी थोडे तेल सांडे. सपाट तोंडाच्या कपलराने ही अडचण पुष्कळशी दूर केली. चिंधीने एकदा पुसले की तोंड स्वच्छ होते. या जातीच्या मापांसाठी 1999 साली आंतरराष्ट्रीय प्रमाणही ठरले, त्यामुळे एका कारखान्याचा नर दुसऱ्या कारखान्याच्या मादीत बसू लागला. सोय खरी, परंतु चिंधी फिरविण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत तर प्रमाणाने काय साधणार?

झीज येते ती मुख्यतः तीन वाटांनी. न पुसलेल्या तोंडावरची वाळू जोडताना आत ढकलली जाते व नायट्राईल रबराची ओ-रिंग कापते. काँक्रीट फोडणाऱ्या अवजाराच्या हादऱ्यांनी छर्रे नराच्या खाचेत ठोके पाडतात. मग जोड घट्ट असूनही डुलू लागतो. आणि तिसरी वाट हातोड्याची. तिचा विचार थोडा विस्ताराने केला पाहिजे, कारण ती सर्वस्वी माणसाने निर्माण केलेली आहे.

काम संपल्यावर अवजार सोडून ते उन्हात ठेवले अशी कल्पना करावी. त्याच्या होजमध्ये तेल कोंडलेले असते. तेल तापले की फुगते. पात्र अगदी ताठर असेल तर दर अंश उष्णतेमागे सुमारे 10 बार दाब चढतो. होज रबरी असल्याने किंचित ताणतो व वाढ त्याहून कमी होते, तरी दुपारपर्यंत आत बराच दाब साठतो. हा दाब 200 बारांपर्यंत चढला, तर अर्ध्या इंच व्यासाच्या झडपेवर सुमारे अडीचशे किलोंचा भार बसतो. त्याच्या निम्मा चढला तरी हाताने ती झडप मागे रेटणे अशक्य. कामगार जोर लावतो, शिव्या घालतो, आणि शेवटी हातोडा उचलतो. ठोक्याने झडपेचे तोंड फुलते, कडा चेपतात, आणि त्या दिवसापासून तो कपलर ठिबकू लागतो. वस्तुतः दोष कपलरचा नव्हताच. दाब काढावयास हवा होता.

ठिबकणाऱ्या तेलाची हानी डोळ्यांस दिसते. न दिसणारी हानी अधिक मोठी. चेपलेली झडप पुरती उघडत नाही, आणि तेलाला अरुंद वाटेतून जावे लागते. मिनिटास 80 लिटर तेल वाहत असता त्या एका जागी 20 बार दाब वाया गेला, तर सुमारे अडीच किलोवॉटहून अधिक शक्तीची निव्वळ उष्णता होते. इस्त्रीच्या दोन विजेरी यंत्रांनी तेलाची टाकी सतत तापवीत ठेवावी, तसाच हा प्रकार होय. मग ‘यंत्र तापते, अवजारात जोर नाही’ अशी तक्रार होते, पंपावर संशय जातो, आणि मोठा खर्च होऊनही दुखणे जागच्या जागीच राहते. वैद्याने मनगट न पाहता दंडास लेप लावावा, त्यातलीच ही चिकित्सा.

याहूनही गंभीर गोष्ट मनुष्याच्या हाताची आहे. कपलरच्या मुळाशी तेल ओले दिसले की गळती कोठे आहे हे बोट फिरवून चाचपण्याची इच्छा होते. सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातून सुटणारी तेलाची धार अनेकदा दिसतही नाही. परंतु तिला कातडी भेदण्यास 7 बार दाबही पुरतो, आणि येथे तर त्याच्या तिसाहून अधिक पट दाब आहे. जखम केवढी? काटा टोचावा तेवढी. वेदनाही प्रथम फारशी नसते, म्हणून माणूस हात पुसून कामास लागतो. काही तासांत बोट सुजते, रक्ताचा पुरवठा खुंटतो, तेल स्नायूंच्या आवरणांतून तळहातापर्यंत पसरते. डिझेल इंजिनाच्या तेलाने झालेल्या अशा इजेचे वर्णन अमेरिकेतील वैद्यकीय नियतकालिकात 1937 सालीच आलेले आहे. हिला उपाय शस्त्रक्रियेचा. हात उघडून तेल व मृत भाग काढावा लागतो, आणि विलंब झाला तर बोट गमवावे लागते. म्हणून गळती शोधावयाची ती पुठ्ठ्याच्या किंवा लाकडाच्या तुकड्याने, कधीही हाताने नव्हे. आणि टोचले असा नुसता संशय आला, तरी त्याच घटकेस रुग्णालय गाठावे; तेथे ‘दाबाखालचे तेल शिरले आहे’ हे शब्द स्पष्ट उच्चारावेत, कारण बाहेरून पाहणाऱ्यास ती क्षुल्लक टोचणीच वाटते.

आता प्रत्यक्ष बदलण्याकडे वळता येईल. यंत्र सपाट जागी उभे करून बाहू पूर्ण खाली टेकवावेत, अवजारही जमिनीवर निवांत ठेवावे, आणि इंजिन बंद करून तेल निवू द्यावे. त्यानंतर चावी चालू ठेवून, परंतु इंजिन न फिरविता, अवजाराच्या तेलाचे बटण दोन्ही बाजूंस काही वेळ दाबून धरावे. अनेक यंत्रांत अशाने कोंडलेला दाब टाकीत परत जातो. प्रत्येक बनावटीची रीत थोडी निराळी असते व ती तिच्या पुस्तिकेत दिलेली असते. ही पाने बहुधा कोरी करकरीत राहतात हे दुर्दैव. यंत्राकडील दाब उतरला म्हणजे सुटलेल्या अवजाराच्या होजमधील दाबही उतरला असे मात्र मानू नये. दोन्हींचा विचार वेगळा करावा लागतो.

पाना लावण्यापूर्वी सफाई. जुन्या कपलरभोवती तेल व माती यांचा थर चढलेला असतो. तो घासून, धुऊन, पुसून काढावा. मनुष्याच्या डोळ्यास सुमारे 40 मायक्रॉनहून बारीक कण दिसत नाही, आणि पंपातील फटी कित्येक ठिकाणी 10 मायक्रॉनहूनही कमी असतात. अर्थात् जे दिसत नाही तेच पंप खाते. स्वच्छ कपलर निघताच उघड्या तोंडावर बूच बसवावे. तेथे चिंधी कोंबणे म्हणजे धाग्यांना आमंत्रण देणे होय.

पाने दोन हवेत. एकाने होजचे टोक स्थिर धरावे, दुसऱ्याने कपलर फिरवावा. एकाच पान्याने काम उरकू गेल्यास होजला पीळ पडतो, आणि आतील तारांचे वेष्टन कालांतराने त्या पिळापाशीच फुटते. नवा कपलर आणताना जुन्याचे आटे ओळखून घ्यावेत. इंच मापाचे, मिलिमीटर मापाचे आणि ब्रिटिश नळाचे आटे एकमेकांसारखे दिसतात, दोनतीन फेरे सुखाने बसतातही. मग अडकतात, आणि जोर लावणारा आट्यांचा नाश करतो. ज्या सरळ आट्यांच्या जोडात ओ-रिंगच तेल अडविते, तेथे टेफ्लॉनची पट्टी गुंडाळू नये. तिचा उपयोग शून्य, आणि तिच्या तुटलेल्या चिंध्या झडपेत जाऊन बसतात. नव्या ओ-रिंगला स्वच्छ तेलाचा हात फिरवावा, कपलर प्रथम बोटांनी आटून घ्यावा, आणि शेवटचा पीळ टॉर्क पान्याने, पुस्तिकेतील अंकाबरहुकूम द्यावा.

जोडीपैकी एकच बदलण्याची काटकसर फार ठिकाणी दिसते. ती महाग पडते. खाचेत ठोके पडलेला जुना नर नव्या मादीचे छर्रे आणि सील काही दिवसांतच आपल्यासारखे करून सोडतो. म्हणून यंत्रावरचे दोन्ही आणि रोज लागणाऱ्या अवजारांवरचे दोन्ही कपलर एकत्र बदलणेच हिताचे. कोपऱ्यात गंजत पडलेले अवजार यंत्रास जोडण्यापूर्वी त्याचेही तोंड तपासावे.

या दोन मोठ्या कपलरांशेजारी काही यंत्रांवर एक तिसरा, धाकटा कपलर असतो. अवजाराच्या मोटरीत आतल्या आत झिरपणारे तेल त्यातून टाकीकडे परतते. दाब अल्प, म्हणून मान अल्प; परंतु तो अर्धवट बसला तर झिरपलेले तेल मोटरीच्या पोटात कोंडते आणि दांड्यावरचे सील फोडून बाहेर येते. मोठे दोन कपलर नवे करणाऱ्याने या धाकट्याची झडप बोटाने दाबून पाहावी. ती सुखाने आत जाऊन परत आली पाहिजे.

सारे बसल्यावर इंजिन मंद फिरवावे, अवजार प्रथम भाराविना चालवावे, आणि आत शिरलेली हवा निघून गेल्यावर तेलाची पातळी पाहून उणे असेल तेवढे भरावे. मग पुठ्ठा हाती घेऊन जोडांजवळून सावकाश फिरवावा. पुठ्ठा कोरडा राहिला की काम झाले. डाग पडला तर चालू यंत्रावर पाना न लावता पुन्हा इंजिन बंद, पुन्हा दाब मोकळा, आणि मगच पुन्हा पाना. नव्या कपलरांबरोबर रबरी टोपणेही मिळतात. ती अवजार सुटताच तोंडावर चढवावीत, आणि ती हरवू नयेत म्हणून दोरीने होजलाच बांधून ठेवावीत.