पैसे गेले, पण पोहोंचले काय?

श्रोतेहो, आजचा विषय यंत्रांचा आहे. तरी आरंभ मनीऑर्डरीपासून करतों. 1880 सालीं टपालखात्यानें ती सुरू केली. ती आगगाडीनें जावो, बैलगाडीनें जावो, कीं पोस्टमनच्या पायीं. पाठविणारा त्याची चौकशी करीत नसे. घेणाऱ्याच्या सहीची पावती परत आली म्हणजे त्याचें समाधान होई. तोंपर्यंत मात्र पैसेच पोहोंचले नाहींत, कीं पोहोंचून पावती वाटेंत हरवली, हें त्यास समजत नसे.

हीच अडचण आज बाजारांत मोबाइलवरून पैसे देतांना येते. 2016 सालीं यूपीआय ही पद्धति आली. तिच्या वाटा अनेक: स्मार्टफोनवरील इंटरनेट, इंटरनेटवांचून *99# हा आंकडा फिरविणें, आणि 2022 सालापासून साध्या फोनवरून बोलून वा बटणें दाबून. 14 एप्रिल 2017 रोजीं तर आपल्या नागपुरांतच भीम-आधार सेवेचें उद्घाटन झालें. तींत गिऱ्हाइकापाशीं फोनही लागत नाहीं, अंगठा पुरतो.

वाट कोणतीही असो, रुपये एकदांच वजा व्हावे ही अपेक्षा एकच. आणि वाट तर मध्येंच तुटते; मेळघाटच्या डोंगरांत तुटते, तशी सीताबर्डीच्या गर्दींतही. उत्तर आलें नाहीं म्हणजे काम झालें नाहीं असें नव्हे. काम होऊन उत्तरच हरवलें असेल. याचा उपाय वाटेंत नाहीं, दोन टोकांस आहे. मागणी निघण्यापूर्वींच तिला स्वतःचा क्रमांक द्यावयाचा. उत्तर न आल्यास त्याच क्रमांकानें पुन्हां विचारावयाचें. आणि पलीकडच्यानें आपली वही पाहावयाची. क्रमांक पूर्वींच नोंदलेला दिसला, तर पैसे पुन्हां न कापतां पहिलेंच उत्तर द्यावयाचें. शाळेंत फीचीं पावतीपुस्तकें आम्ही याच रीतीनें सांभाळीत असूं.

वाटेवर भिस्त ठेवल्यास काय होतें, याची एक हकीकत अमेरिकेंतील साल्झर, रीड व क्लार्क यांच्या 1984 सालच्या लेखांत आहे. एमआयटी या संस्थेच्या जाळ्यांत प्रत्येक टप्प्यावर मजकूर तपासला जाई, म्हणून लोक निर्धास्त होते. परंतु मधल्या एका यंत्राच्या पोटांतच अक्षरें अधूनमधून उलटसुलट होऊं लागलीं. टप्प्यांवरील तपासणीस तें दिसेना. शेवटीं बिघडलेला मजकूर जुन्या छापील प्रतींशीं ताडून हातानें दुरुस्त करावा लागला!

आतां आपल्या हातांतील गोष्ट. बटण आपणच दुसऱ्यांदा दाबलें, तर ती नवी मागणी ठरते व तिला नवा क्रमांक मिळतो. मग यंत्राच्या सावधगिरीचा उपयोग नाहीं. म्हणून आधीं व्यवहाराची स्थिति पाहावी, बारा आंकडी संदर्भक्रमांक टिपून ठेवावा. रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकाप्रमाणें, खात्यांतून गेलेली रक्कम समोरच्या खात्यांत जमा न झाल्यास ती दुसऱ्या दिवसापर्यंत परत यावयास हवी. उशीर झाल्यास दिवसास 100 रुपये भरपाई. दुकानदाराकडे व्यवहार पक्का झाल्याची सूचना न पोहोंचल्यास ही मुदत पांच दिवसांची आहे.

पांच दिवस पगारदारास सोसवतात. ज्या मजुराच्या खात्यांत सायंकाळच्या किराण्यापुरतेच रुपये होते, त्यानें त्या रात्रीं काय शिजवावें? माझ्या ओळखीचा एक किराणेदार संदर्भक्रमांक वहींत टिपून घेतो व तांदूळ देतो. सारे तसें करीत नाहींत, आणि त्यांस मी दोष देत नाहीं. त्यांचीही पुंजी लहानच असते. मुदत कमी करणें हें बँकांचें काम आहे.