पाया खणण्यापूर्वी
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि वधूवरसूचक मंडळ ह्या नेहमीच्या विषयांवर येथे पुष्कळ बोलून झाले आहे. आम्ही आपला थोडा वेळ निराळ्या प्रश्नासाठी मागतो. हा प्रश्न आपल्या वाड्यांच्या मातीचा आहे. केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्या विकल्या जात आहेत, बावखले बुजत आहेत. वाटण्या, शिक्षण, आजारपण अशा कारणांनी जमीन विकावी लागते. ज्याने विकली त्यास दोष देण्याचा आमचा हेतू नाही. परंतु जी माती आपण दुसऱ्याच्या हाती देतो, तिच्या पोटात काय आहे हे आधी पाहून घ्यावे, इतकेच आमचे सांगणे आहे.

आपले सोपारे म्हणजे प्राचीन शूर्पारक, अपरांताचे नामांकित बंदर. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी बुरूड राजाचा कोट म्हणून लोक ओळखीत असलेली टेकडी खणली आणि आतून बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या गाभ्यात दगडी पेटी होती. तिच्यात तांब्याचा करंडा, त्याच्या आत रुपे, दगड, स्फटिक आणि शेवटी सोने असे एकात एक करंडे होते. सोन्याच्या करंड्यात भिक्षापात्राच्या खापऱ्या होत्या. सोबत सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे चांदीचे नाणेही मिळाले. त्याच वर्षी सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा येथे सापडला. नवव्या लेखाचा तुकडा भुईगावास मिळाला तो १९५६ साली, म्हणजे तब्बल ७४ वर्षांनंतर! आजारपणात, लग्नात, मूल जन्मता लोक जे विधी करतात त्यांचे फळ अल्प. सेवकांशी नीट वागणे व वडीलधाऱ्यांचा मान राखणे हेच खरे मंगल, असा त्या लेखाचा आशय आहे. अशोकाचे मोठे शिलालेख चौदा. सोपाऱ्याच्या परिसरात त्यांपैकी दोहोंचेच तुकडे हाती आले आहेत. उरलेले जर येथे कोरले गेले असतील, तर ते ह्याच मातीत शोधावे लागतील.

कोणी म्हणेल, ह्यासाठी सरकारचे कायदे आहेत. आहेत खरे. १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध ठरले आणि त्यापुढील २०० मीटरांत परवानगी आवश्यक झाली. वसईचा किल्ला त्यामुळे राखला जातो. परंतु जे अजून जमिनीखाली आहे, त्यास संरक्षण कोठून मिळणार? संरक्षित हद्दीबाहेरच्या खाजगी जमिनीत पाया खणण्यापूर्वी पाहणी केलीच पाहिजे, असा सर्वसाधारण नियम आपल्याकडे नाही. इंग्लंडात १९९० पासून बांधकामाची परवानगी देताना हा विचार होऊ लागला आणि युरोपातील राष्ट्रांनी १९९२ साली माल्टा येथे त्यासंबंधी करार केला.

अशी पाहणी म्हणजे काही अवघड गोष्ट नव्हे. जाणकार मनुष्य शेतातून फिरतो, खापऱ्या व विटा पाहतो, जुन्या विहिरी व तळी नकाशावर मांडतो आणि शंका आल्यास लहानसा चर खणून थर तपासतो. काही न आढळले तर बांधकाम चालू व्हावे. थोडे आढळले तर नोंद करून ते बाहेर काढावे. मोठे काही निघाले तर इमारतीचा आराखडा थोडा सरकवावा. यंत्राने खणलेला खड्डा मात्र पुन्हा वाचता येत नाही. विस्कटलेला थर म्हणजे जळालेली पोथीच.

वस्तू सापडल्याचे कळविले तर जमीन सरकारजमा होईल, अशी भीती पुष्कळांस वाटते. परंतु १८७८ च्या निखात निधीच्या कायद्यात शोधणारा आणि जमीनमालक या दोघांचेही हक्क सांगितले आहेत. उलट दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडूनही ती कलेक्टरापासून दडविणे हाच गुन्हा आहे.

म्हणून आपल्या कुटुंबांस आमची तीन विनवण्या आहेत. वाडी विकताना करारातच पाहणीची अट घालावी. विहिरीवरचा अथवा उंबऱ्याचा कोरीव दगड भरावात जाऊ देऊ नये. आणि ज्ञातीच्या तरुणांनी सुटीच्या दिवशी गावोगाव हिंडून अशा दगडांची, तळ्यांची व टेकाडांची यादी करावी. संस्थेने ती जपून ठेवावी. पैसा घरात येतो आणि खर्चही होतो. परंतु आपण कोणत्या भूमीचे, हे नातवंडांस दाखविण्याचा पुरावा एकदा गेला की पुन्हा येत नाही.