फोनवरचा बाजार आणि घरची पारख

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला सांगितले, की यंदा पाककृतीवर नको, रोजच्या खरेदीवर चार शब्द बोला. विषय ऐकून मला बरे वाटले. घरात येणारे मीठ-मिरचीपासून लुगड्यापर्यंत सारे काही आपल्या हाताखालून जाते. पैसा मिळवणारे कोणीही असोत, तो कुठे आणि कसा जातो हे बाईलाच ठाऊक असते. तेव्हा या विषयावर बोलण्याचा आपल्याला अधिकार आहे असे मी समजते.

आपल्या पाटणचा आठवडे बाजार आपण सर्वजणी जाणतो. वरच्या वाड्यावस्त्यांवरच्या बायका नाचणी, वरी, घेवडा घेऊन उतरतात. आपण तांदूळ मुठीत घेतो, तळहातावर चोळतो, दोन दाणे दाताखाली टाकतो. वांग्याचे देठ पाहतो, नारळ कानाशी हलवतो. ही विद्या आपल्याला कोणी शाळेत शिकवली नाही. आईबरोबर, सासूबरोबर बाजारात हिंडून ती आली. हात, नाक, कान आणि जीभ हेच आपले वजनकाटे.

आता बाजार फोनमध्ये आला आहे. सून, लेक किंवा आपण स्वतःही बोट फिरवून साडी मागवतो, कुकरची रबरी कडी मागवतो, आणि माणूस दारात आणून देतो. याला नावे ठेवण्याचे मला कारण दिसत नाही. डोंगरातल्या गावात राहणाऱ्या बाईला जी वस्तू आणायला पूर्वी कराडला एस.टी.ने जावे लागे, ती घरी येते, हा लहान फायदा नव्हे. परंतु त्या बाजारात आपली सारी विद्या निकामी होते. तेथे चोळता येत नाही, वास घेता येत नाही. उरते काय? एक चित्र, काही तारे, आणि एक नाव. म्हणून आज नावाचा विचार केला पाहिजे.

या नावाला हल्ली ब्रँड म्हणतात. इंग्रजीत या शब्दाचा एक जुना अर्थ डाग असा आहे. जनावर कोणाचे हे कळावे म्हणून तापलेल्या लोखंडाने डाग देत, तो हा डाग. आपण पूर्वी ‘छाप’ म्हणत असू. छाप असली की माल कोणाचा ते कळते, आणि बिघडला तर जाब कोणाला विचारायचा तेही कळते. छापेचा खरा उपयोग एवढाच.

चांगले नाव कसे तयार होते, याची उदाहरणे आपल्या शेजारीच आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली आताच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी वसवली. त्यांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासेल या भीतीने शेतकरी तो घेईनात. नांगर शेतात चालला, लोकांनी डोळ्यांनी पाहिला, मग नाव झाले. भिलवडीला चितळ्यांनी १९३९ मध्ये दुधाचा धंदा सुरू केला. दूध रोज पहाटे लागते आणि रोज तपासले जाते. अशा धंद्यात एका दिवसाची जाहिरात कामाची नाही, रोजचा चोखपणा लागतो. आणि लिज्जत पापड तर आपल्यासारख्याच बायकांचा. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला बसकण मारली. पहिल्या दिवशी चार पुडे झाले. त्या सातजणींतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. या तिन्ही ठिकाणी काम आधी आणि नाव मागून आले.

परंतु नाव आधी आणि काम मागून, किंवा काम मुळीच नाही, असेही पुष्कळ असते. आपल्यात म्हण आहेच, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. दोन ताज्या गोष्टी सांगते.

मुलाला जुलाब लागले की ओआरएस द्यावे हे आपल्याला आरोग्यकेंद्रातल्या ताई सांगतात. त्यात मीठ आणि साखर ठराविक मापाने असते. पण दुकानात रंगीत पेये मिळत, ज्यांच्या नावातच ‘ओआरएस’ ही अक्षरे घातलेली असत. आत साखर मात्र मापाबाहेर. जास्त साखरेने जुलाब थांबण्याऐवजी वाढू शकतात. आई बिचारी औषध समजून पाजणार! हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष या बाईंनी याविरुद्ध कित्येक वर्षे झगडा केला. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हुकूम काढला, की असल्या पेयांच्या नावात ती अक्षरे वापरता येणार नाहीत. एका बाईने तीन अक्षरांसाठी एवढे भांडावे, हे ऐकून मला तिचा अभिमान वाटला. त्या तीन अक्षरांच्या मागे लेकरांचे प्राण होते.

दुसरी गोष्ट दुधात घालण्याच्या पुडीची. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने फोनवरच्या दुकानांना कळवले, की बोर्नव्हिटासारखी पेये ‘आरोग्यपेय’ या सदराखाली मांडू नका. कारण अन्नाच्या कायद्यात आरोग्यपेय अशी जातच सांगितलेली नाही. म्हणजे इतकी वर्षे आपण ज्या शब्दाला भुलत होतो, त्याला कायद्यात अर्थच नव्हता. शब्द डब्याच्या पुढच्या बाजूला मोठा असतो, आणि साखरेचा आकडा मागच्या बाजूला मुंगीएवढा. म्हणून माझे सांगणे असे, की डबा हातात आला की आधी उलटा करावा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. पहिल्या दोन-तीन नावांत साखर आली, की पुढचा उपदेश वाचायचे कारण नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, डब्यावरचे सगळे इंग्रजी मला लागत नाही. पण ‘शुगर’ हा एक शब्द आणि आकडे कोणालाही ओळखता येतात. आपल्या मंडळात दर महिन्याला एक डबा आणून सर्वांनी मिळून तो वाचावा, असे मला सुचवावेसे वाटते.

आता वजनाविषयी. भाव तोच राहतो आणि पुडा मात्र हलका होत जातो, हे आपल्यापैकी प्रत्येकीने पाहिले असेल. दहाची पुडी दहालाच मिळते, पण डब्यात ओतली की डबा भरत नाही. यावर सरकारने एक चांगला नियम केला आहे. पाकिटावर एकूण किमतीबरोबर एका ग्रॅमचा किंवा एका किलोचा दरही छापावा लागतो. समजा, एक पुडा चाळीस ग्रॅमचा असून दहा रुपयांना आहे, म्हणजे ग्रॅमला पंचवीस पैसे. दुसरा दोनशे ग्रॅमचा चव्वेचाळीस रुपयांना, म्हणजे बावीस पैसे. मोठा स्वस्त पडला. पण कधी उलटेही होते, लहान पुडी स्वस्त आणि मोठी बाटली महाग. म्हणून ‘मोठे ते स्वस्त’ असे डोळे मिटून न मानता तो बारीक आकडा पाहावा.

फोनवरच्या दुकानांच्या काही खुब्या आहेत. ‘फक्त दोनच उरल्या’ असे लाल अक्षरांत येते, आणि आठ दिवसांनीही दोनच उरलेल्या असतात. वस्तू एकशेनव्वदला दिसते, आणि पैसे भरताना वर हे शुल्क, ते शुल्क चढत जाते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! आपण न घेतलेली एखादी गोष्ट टोपलीत गुपचूप येऊन बसते. महिन्याची वर्गणी सुरू करायला एक बोट पुरते, बंद करायला मात्र दार सापडत नाही. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी सरकारने असल्या तेरा क्लृप्त्यांची यादी करून त्यांना मनाई केली. मनाई झाली म्हणून त्या संपल्या असे नाही. पण आता तक्रार करायला आधार आहे.

आमच्या घरी एकदा साडी मागवली. चित्रात गडद जांभळी, काठ रेशमी. आली ती फिकट, आणि काठ नुसता छापलेला. सुनेने पार्सल फोडतानाचे चित्रण केले होते, ते पाठवले, आणि चार दिवसांनी पैसे परत आले. यातून घेण्यासारखे हे, की किमती वस्तूचे पार्सल फोडताना चित्रण करावे, आणि परत घेण्याची मुदत आधी वाचावी. २०२० च्या नियमांप्रमाणे अशा दुकानाने तक्रारीची पोच अठ्ठेचाळीस तासांत द्यायची आणि महिन्याच्या आत निकाल लावायचा असतो. ऐकले नाही तर १९१५ या क्रमांकावर ग्राहकांची तक्रार घेतात. आणि एक गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा. फोनवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो पैसे देण्यासाठी. सरकारी योजनेचे पैसे जमा करतो, पिन टाका, असे कोणी म्हटले तर तो चोर समजावा. आणि पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० ला फोन करावा.

एवढे सांगून झाल्यावरही एक गोष्ट राहते, आणि ती माझ्या मनाला जास्त लागलेली आहे. २०२१ च्या जुलैत आपल्या तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे डोंगर खचले. माणसे गेली, रस्ते तुटले. त्या दिवसांत कोणते पार्सल येणार होते? गावातल्या किराणा दुकानदाराने वही काढली आणि नाव लिहून पीठ-तेल दिले. त्याच्या दुकानाला तारे कोणी दिलेले नाहीत. पाच रुपये स्वस्त मिळते म्हणून आपण सारी खरेदी फोनवर नेली, तर एक दिवस ते दुकान बंद होईल, आणि संकटात वही काढणारा कोणी राहणार नाही. म्हणून जे येथे मिळत नाही ते फोनवरून, आणि जे येथे चांगले मिळते ते येथूनच, असा मी माझ्यापुरता नेम केला आहे. अर्थात त्या दुकानदारालाही वजन आणि तारीख विचारायला आपण लाजू नये.

शेवटी आपल्या स्वतःच्या मालाविषयी. जून २०२५ मध्ये इटलीतल्या प्राडा कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला मिलानच्या प्रदर्शनात मांडल्या, आणि कोल्हापूरचे नाव घेतले नाही. मोठा गलबला झाला, मग कंपनीला त्या चपलांचे मूळ मान्य करावे लागले. बोलायला जोर कशामुळे आला? कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेले होते, आणि त्यात कोल्हापूर, सोलापूरबरोबर आपले सातारा आणि सांगली हे जिल्हेही आहेत. सांगलीच्या हळदीला, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला, कोरेगावच्या वाघ्या घेवड्यालाही असे मानांकन आहे. नाव ही मालमत्ता असते, आणि तिची नोंद केली तर ती राखता येते.

आपल्या भगिनी नाचणीचे पापड, मसाला, कुरडया करतात. आज तो माल सुटा, बिननावाचा विकला जातो. कोणी व्यापारी तो घेतो, सुंदर पिशवीत भरतो, आणि आपल्याच लेकी पुण्यात तो चढ्या भावाने घेतात. तेव्हा आपल्या मंडळाने नाव घ्यावे का, आणि फोनवर विकावे का, असा प्रश्न गेल्या सभेत निघाला होता. माझे मत असे, की घ्यावे, पण क्रमाने. प्रथम अन्नसुरक्षेची नोंदणी करावी. मग पिशवीवर नाव-पत्ता, वजन, तारीख, किंमत आणि तक्रारीचा फोन छापावा. प्रत्येक घरचा पापड एकाच मापाचा आणि एकाच चवीचा होईतो तो पाटणच्याच बाजारात विकावा. येथल्या बायका तोंडावर दोष सांगतात, त्याहून चांगली परीक्षा नाही. येथे उतरलो की मग फोनवर जाऊ. आणि जो नियम आपण दुसऱ्याच्या डब्याला लावतो, तोच आपल्या पिशवीला लावू. दोनशे ग्रॅम लिहिले तर आत दोनशेच भरू.

नाचणी घालण्यास तयार असलेल्या भगिनींनी कार्यक्रमानंतर चिटणीसबाईंकडे नाव द्यावे. 

जय हिंद! जय महाराष्ट्र!