कितवा थांबा?

महाडच्या एसटी स्टँडावर चौकशीच्या खिडकीपाशी दहा मिनिटं उभं राहिलं की दोन तऱ्हेचे प्रश्न कानी पडतात. ‘ही गाडी पोलादपूरला थांबते का?’ हा एक. दुसरा, ‘ही चिपळूणकडं चाललीय की चिपळूणहून आलीय?’ पहिल्याचं उत्तर हो किंवा नाही. दुसऱ्याचं उत्तर थांब्यांच्या क्रमात दडलेलं असतं. डेटाबेसलाही हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात.

मराठी माणसाची इथं सोय आहे, कारण त्याच्याकडं ‘कितवा’ हा शब्द आहे. इंग्रजीत ‘पोलादपूर कितवा थांबा?’ हे एका शब्दात विचारून पाहावं, तारांबळ उडते.

समजा, एका रकान्यात गाडीचे थांबे ओळीनं मांडले: पनवेल, पेण, माणगाव, महाड, पोलादपूर, खेड, चिपळूण. अशा ओळीला संगणकाच्या भाषेत अ‍ॅरे म्हणतात. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या ९.५ आवृत्तीत, म्हणजे जानेवारी २०१६ मध्ये, ‘अ‍ॅरे_पोझिशन’ हे फंक्शन आलं. त्याला ही ओळ आणि ‘महाड’ हे नाव दिलं की उत्तर येतं ४. ‘पोलादपूर’ दिलं की ५. महाडचा क्रमांक पोलादपूरच्या क्रमांकाहून लहान असेल तेवढ्याच गाड्या दाखव, अशी अट घातली की चौकशीच्या खिडकीचं काम झालं. याआधी तीच गोष्ट करायला ओळ उलगडून प्रत्येक थांब्याला क्रमांक चिकटवावा लागे.

आता घोळ. पोस्टग्रेस नेहमीच्या अ‍ॅरेत १ पासून मोजतो, पण तोच पोस्टग्रेस जेसॉन नावाच्या मांडणीतल्या यादीत ० पासून मोजतो. आपल्या इमारतींत तळमजला आधी येतो आणि पहिला मजला त्याच्या डोक्यावर, तसलाच प्रकार. न सापडणाऱ्या नावाबद्दलही एकमत नाही. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचं ‘फाइंड_इन_सेट’ ० सांगतं, जावास्क्रिप्ट उणे १ सांगते आणि पोस्टग्रेस सांगतो ‘नल’. म्हणजे काहीच सांगत नाही.

हे ‘नल’ काय चीज आहे, ते महाडकराला लगेच कळेल. रोहा ते वीर हा कोकण रेल्वेचा टप्पा १९९३ मध्ये सुरू झाला. याच रेल्वेच्या कोलाड, माणगाव, गोरेगाव रोड, वीर, करंजाडी, विन्हेरे अशा स्टेशनांच्या ओळीत ‘महाड’ शोधलं तर उत्तर नल. शहर कुठं गेलं नाही. रुळांवर त्याचं नाव वीर आहे, एवढंच. पोलादपूरच्या वाट्याला तर तेवढंही नाही. धोका पुढंच आहे: नल पाचाहून लहान आहे का, असं विचारलं तर डेटाबेस ‘नाही’ म्हणत नाही, पुन्हा नलच म्हणतो, आणि ती नोंद यादीतून गुपचूप गळते. कुठं चूक झाल्याचा निरोपही येत नाही.

नाव तंतोतंत जुळावं लागतं हे आणखी एक. पाटीवर ‘माणगांव’ आणि डेटाबेसात ‘माणगाव’ असेल तर वाचणाऱ्याला फरक पडत नाही. अ‍ॅरे_पोझिशनला एका अनुस्वारापायी स्टेशनच दिसत नाही.

सगळ्यात गमतीची ती जाऊन परत येणारी गाडी. महाड, पोलादपूर, महाड असे तीनच थांबे. पोलादपूरहून महाडला जाता येतं का? अ‍ॅरे_पोझिशन महाड पहिल्यांदा दिसतं तिथंच थांबतं, १ हा आकडा देतं, पोलादपूर २. वरची अट म्हणते, जाता येत नाही. कंडक्टर हसेल. अशा वेळी फंक्शनला तिसरी माहिती द्यायची, ‘दुसऱ्या जागेपासून पुढं शोध’, मग ३ मिळतो. किंवा ‘अ‍ॅरे_पोझिशन्स’ वापरायचं. ते १ आणि ३ दोन्ही देतं.

गाड्या शेकड्यांनी असतील तर वेगाचाही प्रश्न येतो. एखादं नाव ओळीत आहे का, हे शोधायला ‘जिन’ जातीचा इंडेक्स, म्हणजे शोधसूची, मदत करतो. कितवं आहे, हे मात्र त्याला ठाऊक नसतं. म्हणून आधी दोन्ही गावं असलेल्या गाड्या इंडेक्सनं वेचायच्या आणि मग उरलेल्यांचे क्रमांक ताडायचे.

मुळात थांबे एका रकान्यात कोंबावेत का? पोस्टग्रेसची स्वतःची माहितीपुस्तिकाही सावध करते, की अ‍ॅरेमध्ये वारंवार शोधाशोध करावी लागत असेल तर मांडणीच चुकलेली असू शकते. प्रत्येक थांब्याची वेगळी नोंद आणि शेजारी ‘क्रम’ नावाचा रकाना ही जुनी रीत बहुतेकदा बरी. अ‍ॅरे ठेवलाच, तर त्यातला क्रमांक दुसरीकडं टिपून ठेवू नये. माणगाव आणि महाडच्या मध्ये लोणेरे घातलं की महाड चौथ्याचं पाचवं होतं आणि पोलादपूर सहावं. टिपलेला ४ मात्र जागचा हलत नाही. आता तो लोणेऱ्याकडं बोट दाखवत असतो.